दहावा रकाना

मागच्या बाकावर बसून पाठ पाहणारा माणूस आपल्या शाळांना नवा नाही. आधी तपासनीस येत, त्यांचा शेरा लॉगबुकात राही. पुढे सराव पाठाला बी.एड.चे प्राध्यापक निरीक्षण वही घेऊन बसू लागले. दोघांचं मत कागदावर उरे. पाठ मात्र घंटेबरोबर संपून जाई.

या मताला मोजमापाची शिस्त लावली ती अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठाच्या नेड फ्लँडर्स यांनी. वर्गातलं सगळं बोलणं त्यांनी दहा रकान्यांत बसवलं: सात शिक्षकाच्या बोलण्याचे, दोन विद्यार्थ्यांच्या, आणि दहावा शांतता वा गोंधळाचा. निरीक्षकाने दर ३ सेकंदांनी एक आकडा टिपायचा. मिनिटाला २०, तर ३५ मिनिटांच्या तासिकेला ७००. भारतातल्या शिक्षणशास्त्राच्या अभ्यासक्रमांत ही पद्धत पक्की रुजली. आजच्या व्हिडिओ विश्लेषणाच्या सॉफ्टवेअरचा खरा पूर्वज मला हीच चौकट वाटते. कॅमेरा तिला नंतर येऊन मिळाला.

आता ही चौकट हिंगोली जिल्ह्यातल्या एखाद्या तांड्यावरच्या शाळेला लावून पाहा. सेनगावकडे म्हणा, औंढ्याकडे म्हणा. पहिलीतलं लेकरू घरी गोरमाटी, म्हणजे बंजारा बोली, बोलतं. गुरुजी मराठीत प्रश्न विचारतात. लेकरू शेजारच्याच्या कानाशी लागून गोरमाटीत काही विचारतं, दोघं बोटं मोजतात, मग एक जण मराठीत उत्तर देतो. निरीक्षकाच्या कागदावर उत्तराची नोंद विद्यार्थ्याच्या रकान्यात होते. त्याआधीची कुजबुज, जिच्यात खरं शिकणं झालं, ती दहाव्यात जाते. गोंधळ म्हणून. आणि तीन सेकंद उलटून गेल्यावर हे तपासायला कुणालाच मागे जाता येत नाही.

मागे जाण्याची सोय चित्रफितीने केली. येल विद्यापीठात अर्नोल्ड गेझेल लहान मुलांच्या हालचाली फिल्मवर घेऊन एकेक चौकट तपासत; १९३५ मध्ये त्यांनी या रीतीला ‘सिनेमॅनालिसिस’ असं नाव देऊन ती मांडली. १९६३ च्या सुमारास स्टॅनफर्डमध्ये सूक्ष्म अध्यापन, म्हणजे शिकाऊ शिक्षकाने छोटा पाठ घ्यायचा, अभिप्राय ऐकायचा आणि तो पुन्हा घ्यायचा ही रीत, सुरू झालं, तेव्हा व्हिडिओ रेकॉर्डर त्याच्या सोबतीला होता. आपल्याकडे सूक्ष्म अध्यापन आलं, पण रेकॉर्डर परवडणारा नव्हता. म्हणून एनसीईआरटीच्या भारतीय प्रारूपात ३६ मिनिटांचं चक्र ठरलं आणि सहाध्यायीच निरीक्षक झाले. गरजेतून निघालेली ही वाट मला फार मोलाची वाटते. तरी फेरपाहणी तिच्यात नव्हतीच.

मोठी उडी १९९५ ची. टिम्स या आंतरराष्ट्रीय अभ्यासासाठी जेम्स स्टिगलर यांच्या चमूने जर्मनी, जपान आणि अमेरिकेतले आठवीच्या गणिताचे २३१ पाठ चित्रित केले. चित्र संगणकावर घेतलं, बोलणं लिहून काढलं, इंग्रजीत आणलं आणि दोन्हींना वेळेच्या धाग्याने जोडलं. १९९९ च्या फेरीत सात देशांचे ६३८ पाठ होते, आणि पाठातल्या क्षणांना वर्गवारीचे कोड लावणाऱ्या गटात प्रत्येक देशाची माणसं होती.

त्यानंतर साधनं संशोधकाच्या टेबलावर आली. विस्कॉन्सिन विद्यापीठात ‘ट्रान्साना’ तयार झालं: लिहिलेल्या ओळीवर क्लिक केलं की नेमका तोच क्षण दिसतो. नेदरलँड्समधल्या नायमेखनच्या माक्स प्लांक संस्थेचं ‘एलान’ तर मोफत आहे. भाषांच्या अभ्यासकांनी बनवल्यामुळे त्यात एकाच क्षणाखाली हव्या तितक्या पट्ट्या मांडता येतात: शिक्षकाचं बोलणं, मुलाचं बोलणं, नजर, हात.

हाताचं महत्त्व आपल्याकडच्या संशोधनातही दिसलं आहे. मुंबईच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्रातल्या शमीन पडळकर आणि जयश्री रामदास यांनी खगोलशास्त्र शिकताना मुलं आपसूक कोणते हातवारे करतात याचा अभ्यास २०११ मध्ये प्रसिद्ध केला. फ्लँडर्सच्या दहा रकान्यांत हातांना जागाच नव्हती.

एलानमध्ये गोरमाटीची स्वतंत्र पट्टी उघडायला मिनिटही लागत नाही. ती भरायला मात्र एका तासिकेमागे अनेक तास बसावं लागतं, आणि ती भाषा कानावर असलेलं माणूस लागतं. टिम्सने त्यासाठी देशोदेशीची माणसं एकत्र बसवली होती. इथे तांड्यावरच वाढलेल्या, डी.एड.-बी.एड. झालेल्या मुलामुलींना ते काम मानधनासह द्यायला हवं, आणि कोणता कोड असावा हे ठरवण्याच्या बैठकीतही त्यांना घ्यायला हवं.