रोजची कामे पायी किंवा सायकलने: मधुमेह आणि रक्तदाबाच्या रुग्णांसाठी

‘रोज चाला’ असे डॉक्टर सांगतात, पण वेगळा वेळ काढणे अनेकांना जमत नाही. अंजनगाव सुर्जीसारख्या गावात किराणा, चक्की आणि औषधांचे दुकान बरेचदा एक-दीड किलोमीटरच्या आत असते. तेवढ्यासाठी मोटारसायकल काढली नाही, तर ते काम हाच तुमचा व्यायाम होतो.

किती चालावे?
जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या शिफारशीनुसार प्रौढांनी आठवड्याला किमान १५० मिनिटे मध्यम श्रमाचा व्यायाम करावा. तो सलग करण्याची गरज नाही. एक किलोमीटर भरभर चालायला साधारण १० ते १२ मिनिटे लागतात. रोज एवढ्या अंतरावर जाऊन परत आलात, तरी आठवड्याचा हिशेब जवळपास पूर्ण होतो. चालताना बोलता यावे, पण गाणे म्हणता येऊ नये, इतका वेग पुरे.

फायदा कसा होतो?
काम करणारे स्नायू रक्तातील साखर थेट वापरतात. म्हणून जेवणानंतर थोडे चालल्यास साखर कमी चढते. नियमित चालण्याने रक्तदाबही काही अंशी उतरतो. गुडघे दुखत असतील, तर सायकल बरी, कारण शरीराचा भार सीटवर असतो. पायडल खाली असताना गुडघा किंचित वाकलेला राहील इतकी सीट उंच ठेवा.

वऱ्हाडातला उन्हाळा
एप्रिल-मेमध्ये पारा ४५ अंशांच्या आसपास जातो. त्या दिवसांत कामे सकाळी ९ च्या आत किंवा सूर्य कलल्यावर करा. डोक्याला दुपट्टा बांधा, पाणी जवळ ठेवा. लघवी वाढवणाऱ्या गोळ्या चालू असतील किंवा पाणी मोजून प्यायला सांगितले असेल, तर किती पाणी प्यावे हे डॉक्टरांना विचारा.

आधी डॉक्टरांशी बोला
- इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी गोळी घेत असाल. खिशात साखर किंवा ग्लुकोज ठेवा. हातपाय थरथरले, घाम फुटला तर थांबून लगेच खा.
- पायांना बधिरपणा असेल. बंद, मऊ पादत्राणे वापरा आणि घरी आल्यावर तळवे तपासा.
- हृदयविकार असेल, तोल जात असेल किंवा नजर कमी झाली असेल.

केव्हा थांबावे?
छातीत दुखले, दम लागला, चक्कर आली तर लगेच बसा. त्रास थांबत नसेल तर १०८ वर फोन करा. उन्हात कोणी असंबद्ध बोलू लागले किंवा बेशुद्ध पडले, तर १०८ ला कळवा, त्यांना सावलीत न्या, अंग ओले करून वारा घाला. बेशुद्ध माणसाच्या तोंडात पाणी घालू नका.

घरच्यांनी एक करावे: आजोबांच्या हातची पिशवी काढून घेऊ नये. जमत असेल तोवर भाजी त्यांनाच आणू द्या, हवे तर सोबत चाला.