संत थॉमस हिंदुस्थानात आला होता काय? पुराव्याच्या कसोटीवर एक विचार



विहाराच्या वर्धापनदिनाच्या स्मरणिकेत ख्रिस्ती संतावर लेख कशाला, असे काहींना वाटेल. त्याला कारण आहे. त्यात आमची एक चूक आहे, ती आधी सांगतो.

गिरणी चालू होती त्या काळात जयंतीच्या सभेत आम्ही ठासून सांगितले होते की येशू ख्रिस्त तरुणपणी लडाखला आला आणि बौद्ध भिक्खूंकडे शिकला. टाळ्या पडल्या. दुसऱ्या दिवशी पाळी सुटताना साचा खात्यातला आमचा वसईचा ख्रिस्ती मित्र म्हणाला, "पुरावा काय रे?" आम्ही म्हणालो, पुस्तकात आहे. तो म्हणाला, "पुस्तकात तर आमचा थॉमसपण हिंदुस्थानात आलाय. ते मानतोस काय?" आम्ही गप्प बसलो. मग वाचनालयात बसून दोन्ही गोष्टी तपासायला घेतल्या. त्याला बरीच वर्षे गेली.

थॉमस हा येशूच्या बारा शिष्यांपैकी एक. त्याची हकीकत 'थॉमसची कृत्ये' या ग्रंथात येते. हा ग्रंथ इ.स. तिसऱ्या शतकाच्या सुरुवातीचा, बहुधा एडेसा शहरात, म्हणजे आजच्या तुर्कस्तानातल्या उर्फा येथे सीरियाक भाषेत लिहिलेला. थॉमसच्या काळानंतर दीडशे वर्षे तरी लोटली होती. त्यात असे आहे की हब्बान नावाच्या व्यापाऱ्याने थॉमसला गुलाम म्हणून विकत घेतले आणि हिंदुस्थानच्या गुदनाफर राजाकडे नेले. थॉमस सुतार-गवंडी कामात हुशार. राजाने महाल बांधायला पैसे दिले, याने ते गोरगरिबांत वाटून टाकले. राजाने विचारले, महाल कुठे? तर म्हणे स्वर्गात! मग राजाचा मेलेला भाऊ परत जिवंत होऊन सांगतो, महाल मी पाहिला. गोष्ट म्हणून आम्हाला ती आवडते, विशेषतः पैसे वाटल्याची. पण इतिहास म्हणून?

असा कोणी राजा इतिहासात सापडत नव्हता. म्हणून सगळीच दंतकथा असे समजायला वाव होता. पुढे १८३० च्या दशकात चार्ल्स मॅसन हा इंग्रज काबूलच्या आसपास जुनी नाणी गोळा करू लागला. त्यांत एका राजाची नाणी निघाली, एका बाजूला ग्रीक अक्षरे, दुसऱ्या बाजूला खरोष्ठी. नाव गोंडोफर्नेस. हाच तो गुदनाफर! त्यानंतर एक शिलालेखही उजेडात आला. तो तख्त-इ-बाहीचा म्हणून ओळखला जातो आणि लाहोरच्या संग्रहालयात आहे. आता तख्त-इ-बाही म्हणजे काय, हे आपल्या माणसांना कळले पाहिजे. पाकिस्तानात मर्दानजवळ डोंगरावर असलेला तो गांधार देशातला प्राचीन बुद्धविहार आहे. १९८० साली तो जागतिक वारसा यादीत गेला. लेखही दानाचाच, आपल्याकडे लेण्यांत असतात तसा. त्यात राजाच्या राज्याचे २६ वे वर्ष आणि संवताचे १०३ वे वर्ष दिले आहे. संवत इ.स.पूर्व ५८ चा धरला तर हे इ.स. ४६ च्या सुमाराचे होते. म्हणजे राजा बरोबर थॉमसच्या काळातला. ख्रिस्ती कथेतल्या राजाची साक्ष द्यायला बुद्धविहाराचा दगड पुढे आला!

पण दगड जेवढे बोलतो तेवढेच ऐकायचे. राजा होता, हे सिद्ध झाले. थॉमस त्याच्याकडे आला, हे त्या दगडावर नाही, नाण्यावरही नाही. एडेसा व्यापाराच्या वाटेवरचे शहर. तिथला बार्देसन हा पंडित हिंदुस्थानातून आलेल्या वकिलांना भेटला होता आणि त्याने ब्राह्मण व श्रमणांविषयी लिहूनही ठेवले होते. तेव्हा राजाचे नाव व्यापाऱ्यांच्या तोंडून पोचले असणे सहज शक्य आहे.

हाच न्याय आपल्यालाही लागू करा. सिंहलच्या महावंसात अशोक राजा होता. १८३७ मध्ये प्रिन्सेपने लेख वाचले, १९१५ मध्ये मस्कीच्या लेखात खुद्द 'अशोक' हे नाव मिळाले. राजा खरा ठरला. म्हणून त्याने ८४ हजार विहार बांधले तेही खरे, असे होत नाही. लेखांत ताम्रपर्णीचे, म्हणजे सिंहलचे नाव आहे, महेंद्राचे नाही. हे सांगताना जड जाते, पण आहे ते असे आहे.

केरळातल्या परंपरेप्रमाणे थॉमस इ.स. ५२ मध्ये कोडुंगल्लूरला उतरला. रोमन जहाजे त्या किनाऱ्याला येत होती, त्यामुळे येणे अशक्य नव्हते. पण पक्की खूण फार पुढची. कोल्लमचे ताम्रपट ८४९ चे. त्याआधी सहाव्या शतकात कॉस्मस नावाच्या ग्रीक प्रवाशाने मलबारात ख्रिस्ती असल्याचे आणि 'कल्लियाना' येथे इराणहून नेमलेला बिशप असल्याचे लिहिले. बरेच अभ्यासक हे आपले कल्याण मानतात. कान्हेरीला गेलात तर कल्याणच्या दात्यांचे लेख दाखवून घ्या.

आणखी एक. थॉमसने नंबुद्री ब्राह्मणांना बाप्तिस्मा दिला आणि आम्ही त्यांचे वंशज, असे तिथली काही घराणी सांगतात. केरळात ब्राह्मण वस्त्या रुजल्याचे पुरावे त्यानंतर काही शतकांचे आहेत. मग ही गोष्ट कोणाच्या सोयीची? त्याच केरळात आपल्यासारख्या जातींतून ख्रिस्ती झालेल्यांना वेगळ्या देवळात बसावे लागले, हे लक्षात घ्या.

आता आमची लडाखची गोष्ट. ती निकोलस नोटोविच या रशियन माणसाने १८९४ साली पॅरिसमध्ये छापली. पाय मोडून हेमिस मठात पडलो असता लामाने येशूची पोथी वाचून दाखवली, असे तो म्हणतो. त्याच वर्षी मॅक्स म्युलरने शंका घेतली. १८९५ मध्ये आग्र्याच्या कॉलेजातले प्राध्यापक डग्लस स्वतः हेमिसला गेले. मठाच्या प्रमुखाने सांगितले, असली पोथी इथे नाही. पोथी आजवर कोणी दाखवलेली नाही. थॉमसच्या बाजूला निदान राजाची नाणी तरी आहेत, आमच्या बाजूला तेही नाही. बायबलमध्ये येशू बारा वर्षांचा दिसतो आणि मग एकदम तिशीचा. मधली जागा रिकामी म्हणून आम्ही तिथे आपला मठ बांधून मोकळे झालो.

मागे वसईला जाऊन मित्राला हे सांगितले. तो हसला, म्हणाला, "आणि थॉमस?" आम्ही म्हणालो, राजा सापडला, थॉमस सापडायचा आहे. त्याने ते मानले नाही. चहा मात्र दोनदा पाजला.

ज्या मंडपात ते चुकीचे सांगितले तिथेच येत्या जयंतीला ही दुरुस्ती सांगायची आमची इच्छा आहे. मंडळाने दहा मिनिटे द्यावीत.

जय भीम. नमो बुद्धाय.