जॉन्सन क्रीक पूरमैदान, पोर्टलंड

अमेरिकेतील ऑरेगन राज्याच्या पोर्टलंड शहरात घरे विकत घेऊन ओढ्याला परत दिलेली पूरजमीन. सुमारे ४२ किमी. लांबीचा जॉन्सन क्रीक हा ओढा विलामेट नदीला मिळतो. १९३०च्या दशकात, मंदीच्या काळातील सरकारी रोजगार योजनेतून त्याचे पात्र सरळ व खोल करून काठ दगडांनी बांधून काढण्यात आले. पूर मात्र थांबले नाहीत. पात्र काठच्या सखल जमिनीपासून तुटल्याने पाण्याला पसरायला जागाच उरली नाही आणि लेंट्स भागातील फॉस्टर रस्ता व लगतची घरे वारंवार बुडू लागली.

१९९७ मध्ये शहराने स्वेच्छा खरेदी योजना सुरू केली. सक्तीचे भूसंपादन नाही, विकण्यास राजी असलेल्यांनाच बाजारभावाने मोबदला, हे तिचे सूत्र होते. योजनेचे खरे बळ यातच आहे; परंतु त्यामुळे सलग जमीन हाती येण्यास दीर्घकाळ धीर धरावा लागला. सुमारे ६० कुटुंबे स्थलांतरित झाली व ६३ एकर (सु. २५ हेक्टर) जमीन मोकळी झाली. घरे, रस्ते व पूल हटवून जमीन खोदून सखल केली गेली, ओढ्यात लाकडी ओंडके बसवले गेले आणि स्थानिक झाडे लावली गेली. संथ झालेले पाणी सॅमन माशांच्या पिलांनाही आसरा देते. काम २०१२ मध्ये पूर्ण झाले. त्याच वर्षी जानेवारीत ओढ्याने पूरपातळी ओलांडली, तरी फॉस्टर रस्ता वाहतुकीस खुला राहिला. अतिमोठे पूर मात्र या जमिनीच्या सामावणक्षमतेपलीकडचे आहेत.