वठलेले झाड

वठलेले झाड : उभ्याउभ्या वाळलेले झाड, जमिनीवर पडलेला ओंडका, तोडीनंतर उरलेला खुंट आणि जिवंत झाडातला कुजून पोकळ झालेला गाभा, या साऱ्यांचा प्राणी व माणसे निवाऱ्यासाठी उपयोग करतात. हा उपयोग येथे कोकण व सह्याद्रीतल्या, पोफळीसारख्या गावांभोवतीच्या रानांच्या संदर्भात पाहिला आहे. रत्नागिरी जिल्ह्यातील पोफळी (ता. चिपळूण) हे गाव कुंभार्ली घाटाच्या पायथ्याशी आहे. कोयना जलविद्युत प्रकल्पाच्या भूमिगत वीजगृहामुळे ते ओळखले जाते. घाटमाथ्यावर कोयना अभयारण्य (१९८५) असून २०१० पासून ते सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात मोडते.

झाड पोकळ होण्याची सुरुवात बहुधा जखमेने होते. वाऱ्यात फांदी मोडते किंवा वणव्यात साल जळते आणि तेथून बुरशी आत शिरते. गाभ्याच्या लाकडातल्या पेशी तशाही मेलेल्याच असतात. गाभा कुजला तरी भोवतालचे रसकाष्ठ पाणी वाहून नेतच राहते. म्हणून आतून रिकामा झालेला बेहडा किंवा आंबा वर्षानुवर्षे पालवतो, फळतो. या पोकळीला ढोली म्हणतात. सुताराच्या लेखी असे झाड वाया गेलेले असते. रानाचा हिशेब उलटा आहे: झाडाला ढोली पडली की त्यात बिऱ्हाडे येऊ लागतात.

सुतार पक्षी व तांबट मऊ पडलेल्या लाकडात स्वतः भोक कोरतात. त्यांनी सोडलेली घरे पोपट, पिंगळा, मैना व दयाळ वापरतात. उडणारी खार दिवसभर ढोलीत झोपते, तर सातेरी मधमाशी आत पोळ्यांचे थर लावते. धनेशाला (कोकणात ककणेर) भोक कोरता येत नाही आणि त्याचा देह मोठा, म्हणून त्याला जुन्या, जाड बुंध्यातली नैसर्गिक ढोलीच लागते. विणीच्या काळात मादी आत शिरून विष्ठा व अन्नाच्या चोथ्याने तोंड लिंपून घेते. मधे फक्त फट ठेवते आणि नर तीतून उंबर, वडाची फळे व किडे भरवतो. या मुदतीत तिची पिसे झडून नवी येतात. अशा वेळी झाड पडले तर मादी व पिल्ले दोन्ही जातात. नर मारला गेला तरी आतल्यांची उपासमार होते.

पडलेल्या ओंडक्याची वस्ती निराळी. सालीखाली आणि बुडाशी ओल टिकते, म्हणून उन्हाळ्यात गोमी, विंचू, सापसुरळ्या, बेडूक तेथे आसरा घेतात. भुंगेऱ्यांच्या अळ्या लाकूड पोखरतात. वाळवी हेच लाकूड नेऊन वारुळात बुरशीची बाग लावते आणि पावसाच्या सुरुवातीला त्या बागेतून अळंबी वर येते. म्हणजे कोकणातल्या ताटातली अळंबीची भाजी काही अंशी मेलेल्या लाकडाचीच. सह्याद्रीत काही बुरश्या पावसाळी रात्री कुजक्या काटक्यांवर हिरवट प्रकाश देतात.

माणसाने मेलेल्या लाकडाचा आसरा घेतला तो कुजण्याशी झुंज घेत. कौलारू घराचा खांब जमिनीत न पुरता दगडी तळखड्यावर उभा करतात, त्यामुळे वाळवी व ओल थेट चढत नाही. घाटातली कारवी साधारण आठव्या वर्षी फुलते, बी धरते आणि मरते. तिच्या वाळक्या काठ्यांचा कुड बांधून वर शेणमाती लिंपली की भिंत होते. गवळी धनगरांच्या व कातकऱ्यांच्या घरांना हीच भिंत असे. पोफळ म्हणजे सुपारी. तिच्या खोडाचा बाहेरचा भाग टणक व आतला गर मऊ असतो, म्हणून ते उभे चिरून पोखरले की पाण्याची पन्हळ मिळते. अखंड खोडे ओढ्यावर टाकून साकव होतो, त्यांच्या चिरफळ्या मांडवाला लागतात.

रत्नागिरीतले बहुतेक जंगल खासगी मालकीचे आहे, त्यामुळे ढोलीच्या झाडाचे भवितव्य मालक आणि सरपणाचा व्यापारी ठरवतात. महाराष्ट्र झाडे तोडणे (नियमन) अधिनियम, १९६४ मध्ये मेलेले, रोगट किंवा वाऱ्याने पडलेले झाड हे परवानगी देण्याचे सबळ कारण मानले आहे. घराशेजारच्या धोकादायक झाडासाठी ते रास्त आहे. रानातल्या झाडाला मात्र धोक्याचे कारण क्वचितच लागू पडते. युरोपात अनेक ठिकाणी काही मेलेली झाडे मुद्दाम उभी ठेवतात. कोकणात ते काम देवराईच्या रूढीने केले. देवाच्या राईतले पडलेले खोडही घरी न्यायचे नाही, फार तर देवळाच्या दुरुस्तीला वापरायचे, असा दंडक अनेक गावांत होता. देऊळ सिमेंटचे बांधायचे ठरले की खर्चासाठी राईतली झाडे विकली गेल्याची उदाहरणेही कोकणात आहेत, आणि त्या विक्रीत पहिला नंबर बहुधा जुन्या, जाड बुंध्यांचा लागतो.