तळटीप ३७ : ‘चुलीचा धूर’
लेखकाने हा धूर डोळे चुरचुरण्यावरच सोडून दिला आहे. सालेकसा-देवरीकडे जंगलातले सरपण आजही चुलीत जाते, म्हणून थोडे अधिक. नागपूरच्या लता मेडिकल रिसर्च फाउंडेशनच्या डॉ. अर्चना पटेल आणि त्यांच्या देशोदेशीच्या सहकाऱ्यांनी २०१५ मध्ये नागपूर, बेळगाव, पाकिस्तान, केनिया, झांबिया व ग्वाटेमाला इथल्या ६० हजारांहून अधिक गरोदरपणांच्या नोंदी एकत्र तपासल्या. लाकूड-गोवऱ्यांसारखे धुराचे इंधन वापरणाऱ्या घरांत जन्माच्या आगेमागे होणारे बालमृत्यू अधिक आढळले. अर्थात ही निरीक्षणे. चूल असलेल्या घरात बहुधा गरिबीही असते आणि तिचा वाटा हिशेबातून पुरता वेगळा काढता येत नाही. — संपा.