लाइट गेली आणि गाणं कळलं



आमच्या शीव कोळीवाड्यात मामेबहिणीच्या हळदीला ऐन रंगात लाइट गेली. बेंजो बंद, कीबोर्ड बंद, स्पीकर बंद. मग आजीने खुर्चीवर बसल्या बसल्या, नुसत्या टाळीवर, तेच गाणं धरलं ज्यावर आम्ही पोरं आत्ता नाचत होतो. पण एकदम संथ. होडी घेऊन गेलेल्या नवऱ्याची वाट बघणाऱ्या बाईचं ते गाणं आहे, हे मला तेव्हा पहिल्यांदा कळलं. आजोबांना जाऊन चार वर्षं झाली होती.

त्या रात्री मला एरिक क्लॅप्टन आठवला.

१९७० साली क्लॅप्टन पंचविशीत होता आणि प्रेमात पडला होता पॅटी बॉइडच्या. अडचण एकच, ती त्याच्या मित्राची, म्हणजे बीटल्सच्या जॉर्ज हॅरिसनची बायको होती. त्याने गाणं लिहिलं 'लैला'. हो, आपल्या लैला-मजनूतलीच लैला! निजामीच्या काव्यातली ही गोष्ट त्याच्यापर्यंत पोचली होती. डेरेक अँड द डॉमिनोज या बँडने ते वाजवलं. ड्युएन ऑलमनची गिटार किंचाळते, क्लॅप्टन अक्षरशः विनवण्या करतो.

पुढे १९७९ मध्ये त्याचं पॅटीशी लग्न झालं आणि दहा वर्षांत मोडलंही. मार्च १९९१ मध्ये त्याचा चार वर्षांचा मुलगा कॉनर न्यूयॉर्कमध्ये ५३व्या मजल्यावरून पडून गेला.

जानेवारी १९९२ मध्ये इंग्लंडच्या ब्रे स्टुडिओत एमटीव्हीच्या 'अनप्लग्ड'साठी तो साधी अकूस्टिक गिटार घेऊन बसला. समोर थोडेच प्रेक्षक. हे गाणं ओळखता येतंय का बघा, असं काहीसं म्हणून त्याने सुरुवात केली. ती प्रसिद्ध गिटारची धून नाही, घाई नाही, आवाज खालच्या पट्टीत. लोकांना 'लैला' ओळखायला थोडा वेळ लागला, आणि ओळखल्यावर टाळ्या पडल्या.

मी कोड लिहिणारा माणूस. आम्ही कोडची रचना बदलतो, पण त्यातून जे बाहेर येतं ते तेच राहावं लागतं. इथे बरोबर उलटं झालं. शब्द तेच राहिले आणि अर्थ बदलला. पंचविशीतला क्लॅप्टन 'माझी हो' म्हणून रडत होता. सेहेचाळीसचा क्लॅप्टन तेच शब्द गातो, तेव्हा ती मिळूनही गेलेली असते.

१९९३ च्या ग्रॅमीत या जुन्या गाण्याला सर्वोत्तम रॉक गाण्याचा पुरस्कार मिळाला. हरलेल्यांत होतं निर्वाणाचं 'स्मेल्स लाइक टीन स्पिरिट'! तरुण लोक चिडले, आणि त्यांचंही बरोबर होतं. पण त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये निर्वाणासुद्धा 'अनप्लग्ड'ला बसले, आणि कर्ट कोबेनने आपलं ते सगळ्यात गाजलेलं गाणं तिथे गायलंच नाही. काही गाण्यांना आवाज लागतोच, हे त्याला बहुतेक माहीत होतं.

आमच्याकडे वीस मिनिटांनी लाइट आली. बेंजो पुन्हा सुरू झाला, तेच गाणं, तोच स्पीड. मी नाचलो, पण आजीकडे बघत.

आज एक करा. आधी १९७० चं 'लैला' ऐका, मग १९९२ चं. याच क्रमाने. भेटू पुढच्या एपिसोडमध्ये!