उच्च रिफ्रेश दराचा मॉनिटर

उच्च रिफ्रेश दराचा मॉनिटर म्हणजे पडद्यावरील चित्र एका सेकंदात ६० पेक्षा बऱ्याच अधिक वेळा नव्याने रेखाटणारा संगणकाचा मॉनिटर होय. व्यवहारात १२० हर्ट्झ किंवा त्याहून अधिक दराच्या मॉनिटरांना हे नाव दिले जाते. १४४, १६५, २४० व ३६० हर्ट्झ हे त्यांतील प्रचलित दर आहेत. वेगवान संगणकीय खेळ खेळणाऱ्यांमध्ये हे मॉनिटर प्रथम लोकप्रिय झाले. म्हणून बाजारात त्यांना 'गेमिंग मॉनिटर' असेही म्हणतात. मात्र केवळ मॉनिटर बदलल्याने अपेक्षित लाभ मिळतोच असे नाही. ग्राफिक्स कार्ड, केबल, संगणकप्रणालीतील मांडणी आणि खेळाचे स्वरूप या चारही गोष्टी त्या दराला अनुरूप असाव्या लागतात.

संकल्पना

पडद्यावरील हालचाल ही वस्तुतः स्थिर चित्रांची मालिका असते. या मालिकेतील प्रत्येक चित्राला 'फ्रेम' म्हणतात. मॉनिटर एका सेकंदात जितक्या वेळा आपले चित्र नव्याने रेखाटतो, ती संख्या म्हणजे त्याचा रिफ्रेश दर. हा दर हर्ट्झ या एककात सांगतात. संगणकाचे ग्राफिक्स कार्ड एका सेकंदात जितकी नवी चित्रे तयार करते, त्या संख्येला फ्रेम दर म्हणतात. रिफ्रेश दर हा मॉनिटरचा गुणधर्म आहे, तर फ्रेम दर हा संगणकाच्या क्षमतेचा आणि चालू असलेल्या खेळाच्या ओझ्याचा परिणाम आहे. या दोन संज्ञांची अनेकदा गल्लत होते.

रिफ्रेश दर वाढला की दोन चित्रांमधील कालावधी घटतो. ६० हर्ट्झला हा कालावधी सुमारे १६.६७ मिलिसेकंद, १४४ हर्ट्झला ६.९४, २४० हर्ट्झला ४.१७ आणि ३६० हर्ट्झला २.७८ मिलिसेकंद असतो. ६० वरून १४४ हर्ट्झवर जाताना प्रत्येक चित्रामागे जवळजवळ ९.७ मिलिसेकंद वाचतात. १४४ वरून २४० वर जाताना ही बचत केवळ २.८ मिलिसेकंद, तर २४० वरून ३६० वर जाताना सुमारे १.४ मिलिसेकंद उरते. दराचा आकडा मोठ्या टप्प्यांनी वाढला तरी प्रत्यक्ष लाभ उत्तरोत्तर कमी होत जातो. पहिल्या बदलात जाणवणारा फरक पुढील बदलांत तितकासा जाणवत नाही, याचे एक प्रमुख कारण हेच आहे.

इतिहास

दूरचित्रवाणीच्या आरंभकाळात चित्राचा दर विद्युतपुरवठ्याच्या वारंवारतेशी जुळवून ठरवला गेला. अमेरिकेत वीज ६० हर्ट्झची असल्याने तेथे सेकंदाला ६० अर्धचित्रांची पद्धत रूढ झाली. भारतासह ज्या देशांत ५० हर्ट्झची वीज होती, त्यांपैकी बहुतेक देशांनी ५० अर्धचित्रांची, म्हणजे २५ पूर्ण चित्रांची पद्धत स्वीकारली. १९८७ साली आयबीएमने आणलेल्या व्हीजीए प्रमाणात ६४० × ४८० पिक्सेलांच्या चित्रासाठी ६० हर्ट्झ, तर अक्षरांच्या पडद्यासाठी ७० हर्ट्झ हा दर होता.

जुन्या काचनळीच्या मॉनिटरमध्ये इलेक्ट्रॉनांचा झोत पडद्यावरील प्रत्येक बिंदू क्षणभर उजळवी आणि तो बिंदू लगेच मंदावे. त्यामुळे ६० हर्ट्झला चित्र लुकलुकताना दिसे व डोळे थकत. म्हणून त्या काळी ७५ किंवा ८५ हर्ट्झचा दर सुखकर मानला जाई. चांगल्या प्रतीच्या नळ्यांवर, चित्राची स्पष्टता कमी ठेवल्यास, १०० हर्ट्झहून अधिक दरही मिळे आणि त्याचा उपयोग खेळाडू करीत.

द्रवस्फटिक म्हणजेच एलसीडी पडद्यात पुढील चित्र येईपर्यंत प्रत्येक पिक्सेल आपली स्थिती टिकवून ठेवतो. लुकलुक नाहीशी झाल्यामुळे ६० हर्ट्झ पुरेसे ठरले आणि बराच काळ तोच दर सर्वमान्य राहिला. २००९ च्या सुमारास त्रिमिती चष्म्यांसाठी १२० हर्ट्झचे एलसीडी मॉनिटर बाजारात आले. सॅमसंगचा १६८० × १०५० पिक्सेलांचा 'सिंकमास्टर २२३३आरझेड' हा त्यांतील आरंभीचा मॉनिटर होता. डाव्या व उजव्या डोळ्याला आळीपाळीने वेगळे चित्र दाखवायचे असल्याने प्रत्येक डोळ्याच्या वाट्याला ६० चित्रे यावीत, हा त्यामागील हेतू होता. त्रिमितीचे आकर्षण लवकरच ओसरले. परंतु साध्या खेळांतही १२० हर्ट्झवर हालचाल अधिक सफाईदार दिसते हे खेळाडूंच्या ध्यानात आले. २०१२ नंतर १४४ हर्ट्झ आणि त्याच दशकाच्या उत्तरार्धात २४० हर्ट्झचे मॉनिटर आले. २०२० च्या प्रारंभी आसुसने ३६० हर्ट्झचा मॉनिटर जाहीर केला. २०२० सालीच आलेल्या प्लेस्टेशन ५ आणि एक्सबॉक्स सीरिज एक्स या खेळयंत्रांनीही १२० हर्ट्झची सोय दिली.

दृश्य परिणाम

उच्च रिफ्रेश दराचे मुख्य परिणाम दोन आहेत. पहिला परिणाम चित्राच्या स्पष्टतेशी निगडित आहे. हलत्या वस्तूचा माग घेताना डोळा अखंड सरकत असतो. एलसीडीवरील चित्र मात्र पुढच्या फ्रेमपर्यंत जागच्या जागी थांबलेले असते. या विसंगतीमुळे वस्तूच्या कडा डोळ्याला पुसट दिसतात. सेकंदाला ९६० पिक्सेल वेगाने सरकणारी वस्तू ६० हर्ट्झवर सुमारे १६ पिक्सेल पुसट भासते, १२० हर्ट्झवर ८ आणि २४० हर्ट्झवर ४ पिक्सेल. संगणकानेही तितकीच नवी चित्रे पुरवली तरच हे गणित लागू पडते.

दुसरा परिणाम विलंबाशी संबंधित आहे. खेळाडूने माउस हलवल्यापासून त्याचा परिणाम पडद्यावर उमटेपर्यंत जो काळ जातो, त्यात मॉनिटरच्या पुढील चित्राची वाट पाहण्याचा काळही असतो. ही प्रतीक्षा सरासरीने एका चित्रकालाच्या निम्मी धरली, तर ६० हर्ट्झला ती ८.३ मिलिसेकंद आणि १४४ हर्ट्झला ३.५ मिलिसेकंद होते. एकूण विलंबात माउस, संगणक व खेळ यांचाही वाटा असतो. त्यामुळे मॉनिटर बदलल्याने विलंबाचा एक भाग तेवढा कमी होतो.

मानवी डोळ्याला सेकंदाला ३० किंवा ६० पेक्षा अधिक चित्रे कळतच नाहीत, हा समज प्रचलित असला तरी बरोबर नाही. हालचाल सलग भासू लागण्याची मर्यादा आणि दोन दरांमधील फरक जाणवण्याची मर्यादा या भिन्न गोष्टी आहेत. २०१५ साली 'सायंटिफिक रिपोर्ट्स' या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, चित्रात तीक्ष्ण कडा असल्यास ५०० हर्ट्झच्या आसपासची लुकलुकही माणसाला जाणवू शकते असे आढळले. तो अभ्यास विशिष्ट प्रकाशरचनेवर केलेला असल्याने प्रत्येक वापरकर्त्याला ५०० हर्ट्झचा मॉनिटर आवश्यक आहे असा निष्कर्ष त्यातून निघत नाही.

पॅनेल आणि प्रतिसादकाळ

पिक्सेलला एका रंगछटेवरून दुसरीवर जाण्यास लागणाऱ्या वेळेला प्रतिसादकाळ म्हणतात. २४० हर्ट्झच्या मॉनिटरला ४.१७ मिलिसेकंदांत नवे चित्र मिळते. पिक्सेलला बदलण्यास त्याहून अधिक वेळ लागत असेल, तर जुने चित्र नव्यात मिसळते आणि हलत्या वस्तूमागे फिकट शेपटी दिसते. टीएन प्रकारचे पॅनेल जलद असते, पण बाजूने पाहिल्यास त्याचे रंग बदलतात. आयपीएस पॅनेलचे रंग व पाहण्याचा कोन चांगला असून अलीकडे त्याचा वेगही पुष्कळ वाढला आहे. व्हीए पॅनेलमध्ये काळा रंग अधिक गडद दिसतो, परंतु गडद छटांमधील बदल बहुधा मंद असतो. ओएलईडी पॅनेलचा प्रतिसाद या सर्वांहून कितीतरी जलद आहे. मात्र एकच स्थिर चित्र दीर्घकाळ ठेवल्यास त्याचा कायमचा ठसा उमटण्याचा धोका त्यात असतो.

वेष्टनावर छापलेला '१ मिलिसेकंद' हा आकडा पुष्कळदा अनुकूलतम स्थितीतील असतो. पिक्सेल अधिक वेगाने बदलावा म्हणून त्याला जास्त व्होल्टेज देण्याच्या युक्तीला ओव्हरड्राइव्ह म्हणतात. तिचा अतिरेक झाला तर वस्तूमागे उलट छटेची चमकती किनार दिसू लागते. म्हणून सर्वांत वरची ओव्हरड्राइव्ह पातळी सर्वांत चांगली असतेच असे नाही.

चित्र फाटणे आणि परिवर्तनशील दर

मॉनिटर एक चित्र रेखाटत असतानाच ग्राफिक्स कार्डाने दुसरे चित्र पुढे केले, तर पडद्याच्या वरच्या भागात जुने आणि खालच्या भागात नवे चित्र दिसते. याला चित्र फाटणे म्हणतात. व्ही-सिंक या जुन्या उपायात ग्राफिक्स कार्ड मॉनिटरच्या तालाची वाट पाहते. त्यामुळे फाटणे थांबते, पण विलंब वाढतो आणि फ्रेम दर घसरल्यास चित्र अडखळते.

परिवर्तनशील रिफ्रेश दराच्या तंत्रात ग्राफिक्स कार्डाऐवजी मॉनिटर थांबतो आणि चित्र तयार होताच ते रेखाटतो. एनव्हिडियाने २०१३ साली जी-सिंक हे तंत्र जाहीर केले. त्यासाठी मॉनिटरमध्ये स्वतंत्र मॉड्यूल बसवावे लागे. २०१४ साली व्हेसा या मानक संस्थेने डिस्प्लेपोर्टमध्ये ॲडॅप्टिव्ह-सिंकचा समावेश केला. एएमडीचे फ्रीसिंक त्यावर आधारलेले आहे. २०१९ पासून एनव्हिडियानेही ॲडॅप्टिव्ह-सिंक मॉनिटरांना पाठिंबा दिला.

या तंत्राला ठरावीक पल्ला असतो. एखाद्या मॉनिटरचा पल्ला ४८ ते १४४ हर्ट्झ असेल आणि फ्रेम दर ४० वर आला, तर प्रत्येक फ्रेम दोनदा दाखवून मॉनिटर ८० हर्ट्झवर चालवता येतो. पल्ला अरुंद असल्यास ही सोय मिळत नाही. मध्यम क्षमतेच्या संगणकावर पल्ल्याच्या या गुणाचा उपयोग कमाल दराच्या आकड्यापेक्षा अधिक होतो.

जोडणी

रिफ्रेश दर व स्पष्टता वाढली की केबलमधून जाणारी माहितीही त्याच प्रमाणात वाढते. प्रत्येक पिक्सेलला २४ बिट धरल्यास १४४ हर्ट्झसाठी १९२० × १०८० पिक्सेलांच्या चित्राला सेकंदाला सुमारे ७.२ गिगाबिट, २५६० × १४४० ला १२.७ गिगाबिट आणि ३८४० × २१६० ला २८.७ गिगाबिट लागतात. चित्रांमधील रिकाम्या काळाचा भार याखेरीज असतो. एचडीएमआय १.४ मधून प्रत्यक्ष चित्रासाठी ८.१६, एचडीएमआय २.० मधून १४.४, डिस्प्लेपोर्ट १.२ मधून १७.२८ आणि डिस्प्लेपोर्ट १.४ मधून २५.९२ गिगाबिट मिळतात. त्यामुळे ३८४० × २१६० पिक्सेल १४४ हर्ट्झवर दाखवण्यासाठी डिस्प्लेपोर्ट १.४ वर माहितीचे संक्षेपण करावे लागते किंवा २०१७ साली प्रसिद्ध झालेले एचडीएमआय २.१ प्रमाण वापरावे लागते. मॉनिटरच्या सर्व जोडणीद्वारांची क्षमता सारखी नसते; एका द्वारावर १४४ हर्ट्झ आणि दुसऱ्यावर त्याहून कमी दर अशी स्थिती अनेक मॉनिटरांत आढळते.

मांडणीतील सामान्य त्रुटी

नवा मॉनिटर जोडल्यानंतरही संगणक पुष्कळदा ६० हर्ट्झवरच चालत राहतो आणि वापरकर्त्याच्या ते ध्यानात येत नाही. विंडोज १० व ११ मध्ये सेटिंग्जमधील सिस्टम, त्यातील डिस्प्ले आणि त्यातील प्रगत डिस्प्ले या ठिकाणी चालू दर दिसतो व तेथेच तो बदलता येतो. इच्छित दर यादीत दिसत नसेल, तर सामान्यतः केबल, जोडणीद्वार किंवा मॉनिटरच्या स्वतःच्या यादीतील मांडणी हे कारण असते. स्वतंत्र ग्राफिक्स कार्ड असूनही केबल मदरबोर्डाच्या द्वारात खोचणे ही आणखी एक नेहमीची चूक आहे. काही खेळ आपला दर स्वतंत्रपणे ठरवतात किंवा फ्रेम दरावर स्वतःची मर्यादा घालतात. तो बदल खेळाच्या मांडणीतच करावा लागतो.

उपयुक्तता व मर्यादा

प्रथमपुरुषी नेमबाजीच्या आणि शर्यतीच्या खेळांत उच्च रिफ्रेश दराचा लाभ सर्वाधिक असतो. बुद्धिबळासारख्या किंवा पाळीपाळीने खेळायच्या खेळांत तो नगण्य ठरतो. कागदपत्रे वाचताना मजकूर सरकवणे व माउसचा बाण हलवणे अधिक सफाईदार होते. पण स्थिर मजकूर अधिक सुवाच्य होत नाही. वाचन-लेखनाच्या कामात अक्षरांची सुबकता पिक्सेलांच्या घनतेवर अवलंबून असते.

चित्रपट सेकंदाला २४ चित्रांचे असतात. २४ ने ६० ला भाग जात नसल्याने ६० हर्ट्झवर काही चित्रे दोनदा व काही तीनदा दाखवावी लागतात आणि संथ दृश्यांत किंचित हिसका जाणवतो. १२०, १४४ व २४० या तिन्ही संख्यांना २४ ने निःशेष भाग जातो, त्यामुळे तो दोष टळतो. चित्रपटातील मूळ चित्रांची संख्या मात्र त्याने वाढत नाही.

ग्राफिक्स कार्ड सेकंदाला ७० चित्रेच तयार करीत असेल, तर २४० हर्ट्झच्या मॉनिटरवरही नवी चित्रे ७०च दिसतात. प्रत्येक चित्र रेखाटण्याचा वेळ घटल्याने विलंब थोडा कमी होतो, परंतु खर्चाच्या मानाने तो लाभ अल्प असतो. अधिक फ्रेम दरासाठी चित्राची प्रत कमी करावी लागते किंवा अधिक सामर्थ्याचे ग्राफिक्स कार्ड घ्यावे लागते. त्यामुळे मॉनिटरच्या किमतीत या पुढील खर्चाचाही विचार अंतर्भूत असतो. उच्च दरावर विजेचा वापरही वाढतो, म्हणून अनेक लॅपटॉप बॅटरीवर चालताना दर आपोआप कमी करतात.

हेही पहा

ग्राफिक्स कार्ड
द्रवस्फटिक पडदा
डिस्प्लेपोर्ट
एचडीएमआय
ई-क्रीडा